गांगुर्ड्यांचं परदेशाचं पान

गांगुर्डे काका चिडलेले नाहीत असा एकही दिवस मला आठवत नाही. माणसं भाजी महागली म्हणून चिडतात, बस चुकली म्हणून चिडतात. हे वॉशिंग्टनवर चिडायचे. दुपारी बाराला सायकल जिन्याखाली लावायची, दोन मजले चढून वर यायचं, मानेचा घाम पुसायचा आणि एजन्सीकडून आलेलं इंग्रजी बातम्यांचं भेंडोळं हातात घेतलं की पाच मिनिटांच्या आत पहिली शिवी. अस्सल निफाड तालुक्यातली. ती इथे लिहीत नाही, पण ती ऐकल्याशिवाय आम्हाला काम सुरू झाल्यासारखं वाटत नसे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी नाशकातल्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागले. कचेरी शालिमारच्या मागच्या गल्लीत होती. परदेशी बातम्यांचं पान गांगुर्डे काका एकटे काढायचे, कारण ते पान कोणालाच नको होतं. आमचा वाचक आधी शहराचं पान बघायचा, मग निधनवार्ता, मग कांद्याचा भाव. मला काकांच्या हाताखाली बसवलं ते मी नवीन होते आणि बाई होते म्हणून. बाईला पोलिसांच्या बातम्या कोण देणार? ह्याचा मला तेव्हा राग होता, तो अजून आहे.

"वाईट वाटून घेऊ नको पोरी," काका पहिल्याच दिवशी म्हणाले. "परदेशाचं पान मालक वाचत नाहीत, संपादक वाचत नाहीत. ह्या इमारतीत खरं लिहायला एवढीच जागा शिल्लक हाये. नीट वापर."

त्यांच्या टेबलावर लाकडी ठोकळ्यात ठोकलेला एक उभा खिळा होता. न छापायची बातमी त्या खिळ्यावर टोचायची, अशी जुनी पद्धत. बाकीच्यांनी आपापले खिळे केव्हाच अडगळीत टाकले होते, काकांनी ठेवला होता. बातमी टोचताना ते ती जोरात खाली दाबायचे आणि कागद फाटल्याचा आवाज झाला की त्यांना बरं वाटायचं.

त्यांची काम करायची रीत कोणत्याही पत्रकारितेच्या पुस्तकात नसेल. चीनविरुद्धची बातमी आली की ते ती लगेच भाषांतराला घेत नसत. बाजूला ठेवत आणि तसंच कृत्य अमेरिकेच्या एखाद्या दोस्त देशाने केल्याची बातमी येईपर्यंत थांबत. ती येतेच, दोन दिवसांत येते, असं ते म्हणायचे, आणि यायची. मग दोन्ही कागद माझ्यासमोर टाकायचे. "वाच. इथं चिरडलं, तिथं आटोक्यात आणलं. इथं हुकूमशहा, तिथं खंबीर नेता. मेलेली माणसं दोन्हीकडं सारखीच मेली ना? मग?" त्यानंतर ते लाल शाईने दोन्हीकडे एकच शब्द घालायचे. कधी दोन्हीकडे "चिरडलं", कधी दोन्हीकडे "आटोक्यात आणलं". आमच्या पेपरात त्यामुळे एकदा अमेरिकेच्या दोस्ताने निदर्शकांना चिरडलं होतं, आणि ते वाचून एका निवृत्त प्राध्यापकांनी तक्रारीचं पत्र पाठवलं. काकांनी ते पत्र छापलं आणि खाली उत्तरही छापलं. उत्तर पत्राच्या तिप्पट होतं.

हा राग त्यांना पुस्तकातून आलेला नव्हता. निफाडकडच्या एका गावात, बौद्धवाड्यात ते वाढले. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. "आमच्या गावात एकाच विहिरीत दोन प्रकारचं पाणी होतं," ते सांगायचे. "पाटलाच्या पोरानं आमच्या पोराचं डोकं फोडलं तर ती पोरांची मस्ती. माझ्या भावानं पाटलाच्या पोराला नुसतं ढकललं, तर पंचायत बसली. गुन्हा काय झाला हे कोणी बघत नाही पोरी. केला कोणी ते बघतात. जगाचा पाटील आता वॉशिंग्टनला राहतो, एवढाच फरक."

ते खरं होतं.

दरवर्षी अमेरिका सगळ्या जगाच्या मानवी हक्कांचा अहवाल काढायची. त्यात चीनची पानंच्या पानं. मग चीनही अमेरिकेवर उलटा अहवाल काढू लागला: तिथले तुरुंग, तिथल्या काळ्या लोकांवरचे गोळीबार, बंदुका. पहिला अहवाल सगळे पेपर छापत, दुसरा एका परिच्छेदात, तोही थट्टेच्या सुरात. काकांनी दोन्ही शेजारी शेजारी छापले, पट्टीने मोजून, इंचाला इंच. त्या दिवशी ते घरून डब्यात जिलेबी घेऊन आले होते. काकू म्हणे विचारत होत्या, आज काय आहे? ह्यांनी सांगितलं, आज समान न्याय आहे.

बेलग्रेडमध्ये अमेरिकी विमानांनी चिनी वकिलातीवर बॉम्ब टाकले तेव्हाचा त्यांचा अवतार मी विसरणार नाही. माणसं मेली होती. अमेरिकेचा खुलासा आला की आमच्याकडचा नकाशा जुना होता. काका खुर्चीवरून उठले आणि तो कागद हातात धरून अख्ख्या कचेरीभर फिरले. छपाई खात्यात गेले, जाहिरात खात्यात गेले, खाली वॉचमनलासुद्धा वाचून दाखवला.

"नकाशा जुना! अरे, गावोगाव अंक पोचवणारा आपला डाकेचा ड्रायव्हर अर्धवट झोपेत सुरगाण्याला बरोबर पोचतो. आणि ह्यांना वकिलात सापडत नाही? चीननं असा बॉम्ब टाकला असता आणि नकाशा जुना म्हटला असता, तर?"

वॉचमन म्हणाला, "तर काय साहेब, लढाईच." काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ह्याला कळतं, म्हणाले, आणि वर त्या शहाण्यांना कळत नाही.

पुढे एकदा कॉलेज रोडवरच्या एका सभागृहात कोणी परदेशी पाहुणे आले होते. विषय होता आशियातले मानवी हक्क. गोरे, सौम्य बोलणारे गृहस्थ. तासभर चीनवर बोलले. प्रश्नोत्तरांत काका उभे राहिले. इंग्रजी त्यांचं सगळं एजन्सीच्या बातम्या वाचून कमावलेलं, त्यामुळे बोलताना प्रत्येक वाक्य मथळ्यासारखं यायचं. त्यांनी विचारलं, तुमच्या मित्रदेशांच्या तुरुंगांबद्दल आपण तासाभरात एकदाही बोलला नाहीत, का? पाहुणे हसून म्हणाले, तो विषय फार गुंतागुंतीचा आहे. काका मराठीतच मोठ्याने म्हणाले, "आमच्याकडं ह्याला गुंतागुंत नाही म्हणत, सोयरीक म्हणतात." मागच्या रांगेतली चार पोरं हसली. पण बाहेर पडताना संयोजकांनी काकांना गाठलं. पाहुण्यांसमोर शहराची लाज घालवलीत, म्हणाले. मी बाजूलाच होते. मला त्या संयोजकांच्या तोंडावर चहाचा कप फेकावासा वाटला होता. आमच्या माणसाने खरं विचारलं तर ती लाज, आणि पाहुण्याने खोटं झाकलं तर ती सभ्यता!

इथवर काका सोन्यासारखे. आता जे सांगायचं आहे ते सांगावंसं वाटत नाही, पण सांगते, कारण ते माझंही आहे.

दर जूनमध्ये बीजिंगहून एक बातमी यायची. तिथल्या चौकाच्या परिसरात एकोणनव्वद साली सैन्याने निदर्शक विद्यार्थ्यांवर गोळीबार केला होता, त्यात गेलेल्या एका मुलाची आई. तिचं मागणं एवढंच की माझा मुलगा कसा मेला ते सरकारने लिहून द्यावं, आणि त्याच्या नावाने मला उघडपणे रडू द्यावं. सरकार तिच्या दारात पोलीस बसवायचं. पहिल्या वर्षी मी ती बातमी भाषांतर करून काकांपुढे ठेवली. त्यांनी वरची ओळ वाचली आणि कागद खिळ्यावर टोचला.

"काका, का?"

"ही बातमी बीजिंगमधून आलेली नाही. वॉशिंग्टनमधून फिरून आलीय. त्यांना त्या बाईचं काय पडलंय?"

"पण बाई खोटी आहे का?"

"बाई खरी असेल. तिला पुढं करणारे खोटे आहेत. आधी म्हणावं स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ बघा, मग चीनचं कुसळ काढा."

मला ते पटलं नव्हतं. पण मी वाद घातला नाही. काकांचा राग इतका खरा असायचा की त्यापुढे आपली शंका क्षुद्र वाटायची. पुढच्या जूनला मी भाषांतर केलं आणि त्यांनी टोचलं. त्याच्या पुढच्या जूनला मी भाषांतरच केलं नाही. इंग्रजी कागदच उचलला आणि माझ्या हाताने खिळ्यावर लावला. काका म्हणाले, "शिकली." मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली ओढावीशी वाटते.

मग इराकमधल्या त्या तुरुंगातले फोटो आले. अमेरिकी सैनिकांनी कैद्यांचे हाल करून वर हौसेने काढलेले. काकांनी अर्धं पान भरून छापले. संपादक कधी नव्हे ते आमच्या टेबलापर्यंत आले आणि म्हणाले, लोक सकाळी चहासोबत पेपर वाचतात हो. काका म्हणाले, "वाचू द्या. चहा कडू लागू द्या."

महिनाभराने, दुपारी, एक बाई जिना चढून वर आली. पेठकडची. गुडघ्यापर्यंत लुगडं, पाय धुळीने भरलेले, हातात आमच्याच पेपरचं घड्या पडलेलं पान. बाजारातून सुके बोंबील त्यात बांधून आणले होते, कागदाला अजून वास होता. तिला वाचता येत नव्हतं. तिने त्यावरचा कैद्यांचा फोटो समोर धरला आणि दारातूनच विचारलं, "ह्यो ज्यानं छापला त्यो मानूस कंचा?"

काकांनी तिला खुर्ची दिली. ती खालीच बसली.

"ह्यो कुठल्या चौकीतला हाय?" तिने फोटोवर बोट ठेवलं. "माज्या मानसाला बी असंच केलं. म्हणलं, जो ह्यांचं छापतो तो आमचं बी छापल."

तिचं नाव कमळी गावित. नवरा देवराम. दोघं निफाडकडे एका द्राक्षमळ्यात उन्हाळ्यातल्या खरड छाटणीच्या कामाला आली होती. मळ्यातली पाण्याची मोटर चोरीला गेली. मळेवाल्याने देवरामचं नाव घेतलं, कारण बाकीचे गावातले होते आणि हा डोंगरातला. रस्त्यावरच्या चौकीत त्याला नेलं. तिसऱ्या दिवशी तिला सांगितलं, छातीत कळ येऊन मेला.

"चालत नेला," ती म्हणाली. "झोळीत आणला. छातीत कळ आली म्हनत्यात. मग पाय कशानं सुजलं? मला पैकं नकोत. तो कशानं मेला ते कागदावर लिवून द्या म्हनावं. पोरं इचारतील."

काका लिहीत होते. मध्येच त्यांचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. जूनचा पहिला आठवडा होता. बीजिंगचा कागद त्याच सकाळी आला होता आणि मी तो आल्या आल्या खिळ्यावर लावला होता.

बातमी शहराच्या पानाची होती, आणि ते पान मालकांच्या नजरेखालून जायचं. मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. काका कागद घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले, मला सोबत नेलं. भाऊसाहेबांनी बातमी शांतपणे वाचली. ते कधी आवाज चढवत नसत.

"गांगुर्डे, कोठडीत माणसं सगळीकडे मरतात. बाकीच्या जिल्ह्यांतलं आधी छापा. आपल्याच चौकीच्या मागे का लागायचं? मुंबईचे पेपर हे उचलतील आणि नाशिकची बदनामी करतील. त्यांच्या डोळ्यातलं मुसळ कोण बघणार?"

"भाऊसाहेब, बाई बाहेर बसलीय. मी स्वतः बोललोय तिच्याशी."

"बाई खरी असेल हो. पण तिला पुढे कोण करतंय, ते बघायला नको?"

मी काकांकडे बघितलं. त्यांच्या तोंडात शिवी तयार होती, मला ती ओठांवर दिसत होती. ती आली नाही. ते वाक्य त्यांचंच होतं. भाऊसाहेबांनी ते चोरलंही नव्हतं. ज्याला झाकायचं असतं त्या प्रत्येकाला ते आपोआप सुचतं, मग तो बीजिंगचा असो, वॉशिंग्टनचा असो की आमच्या गल्लीतला. मळेवाला भाऊसाहेबांच्या नात्यातला होता हे मला महिन्याभराने कळलं.

बाहेर येऊन काका टेबलाशी बसले. त्यांनी खिळ्यावरचा सगळ्यात वरचा, बीजिंगचा कागद काढला. भोकाभोवती फाटला होता, तो तळहाताने सरळ केला.

"पोरी, किती जून झाले?"

"आठ."

"आठ," ते म्हणाले. "आठ वर्षं मी त्या बाईला विचारत बसलो, तुला कोणी पाठवलं. आन् माझा राग अमेरिकेवर! माझ्यासारखा हरामखोर मीच." मग ती निफाडची शिवी आली. त्या दिवशी ती स्वतःसाठी होती.

परदेशाचं पान संध्याकाळीच छपाईला सुटायचं, कळवण, पेठ, सुरगाण्याकडे जाणाऱ्या पहिल्या आवृत्तीसाठी. ते कोणी तपासत नसे. काकांनी पानावरच्या सगळ्या बातम्या काढल्या आणि मधोमध दोन लावल्या. एकीच्या सुरुवातीला गावाचं नाव बीजिंग, दुसरीच्या पेठ. दोन्हींची रुंदी सारखी, अक्षर सारखं. आमची मुलं, आमची माणसं कशी मेली ते लिहून द्या, असं दोन बायका म्हणत होत्या. विशेषण एकही नाही. मी म्हटलं, "काका, पेठ परदेश आहे का?" ते म्हणाले, "त्या चौकीतल्या लोकांना विचार."

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्यांना काढलं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. निरोप समारंभ नाही, काही नाही. भाऊसाहेबांनी आवाज तेव्हाही चढवला नाही. काकांनी सायकल काढली आणि गेले. पण पान तोवर पेठला पोचलं होतं, तिथून मोर्चा निघाला, आणि मोर्च्यामुळे चौकशीचा हुकूम निघाला.

आणि मी? मी राहिले. घरी आजारी आई होती, भाड्याची खोली होती, ही सगळी कारणं खरी आहेत आणि तरी मला ती सांगताना घाण वाटते. परदेशाचं पान त्यानंतर माझ्याकडे आलं. जूनची बातमी मात्र मी दर वर्षी छापली, आणि त्याच अंकात अमेरिकेचं काही असलं तर तेही, इंचाला इंच.

काकांना मी शेवटचं बघितलं ते अडीच वर्षांनी, कलेक्टर कचेरीच्या आवारात. तोवर मला शहराच्याही बातम्या मिळू लागल्या होत्या आणि मी कसल्याशा निवेदनासाठी तिथे गेले होते. एका बाकावर काका आणि कमळी बसली होती. काका पार वाळले होते. देवरामच्या शवचिकित्सेच्या अहवालाची प्रत मिळवायला त्यांनी त्या अडीच वर्षांत किती अर्ज केले, किती बाबूंशी भांडले, किती वेळा "तुम्ही हिचे कोण?" हे ऐकून घेतलं, ते मला काकूंनी नंतर सांगितलं. त्या दिवशी ती प्रत हातात आली होती. इंग्रजीत होती.

मी जवळ जाणार तेवढ्यात काका वाचू लागले, म्हणून मी थांबले. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून ते आधी मनात इंग्रजी वाचत आणि मग तिला मराठीत सांगत.

"दोन्ही पायांच्या तळव्यांवर काठीचे वळ. दोन्ही मनगटांवर दोरी आवळल्याच्या खुणा. डावीकडच्या दोन बरगड्या मोडलेल्या."

"डावीकडच्या?" कमळीने स्वतःच्या डाव्या कुशीवर हात ठेवला.

"हो."

"म्हंजी छातीत कळ नव्हती."

"नव्हती."

काकांनी कागदाची घडी घालायला घेतली. "कमळाबाई, आज एवढंच राहू दे. बाकीचं मी घरी जाऊन..."

"नाय," ती म्हणाली. "घडी घालू नका. समदं वाचा."

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला, आणि पुढची जखम वाचली.